पाकिटात नसलेले शेंगदाणे

माणसाच्या ताटात पडणारा प्रत्येक घास कुणाच्या तरी सहीनं सुरक्षित झालेला असतो आणि ती सही करणारा हा समाजाचा अदृश्य पहारेकरी असतो. हे वाक्य माझं नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या चटण्या-मसाल्याच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं गुणवत्ता विभाग सांभाळला, तिथल्या मालकांनी ते चौकट करून भिंतीवर लावलं होतं. माझं टेबल बरोबर त्याच्या खाली होतं. संध्याकाळी सहाला होणाऱ्या साफसफाईच्या तक्त्यावर मी दुपारी चारलाच सही करून ठेवत असे, कारण माझी बस साडेपाचला होती.

विभाग म्हणजे मी, एक तराजू, एक छोटी भट्टी आणि पंखा लावला की उडणारे कागद. त्याआधी मी चार वर्षं शेजारच्याच एका फौंड्रीत होते. तिथं साच्याची वाळू तपासायची. वाळूत ओल किती, कण केवढा, चिकटपणा किती. तिखटाच्या कारखान्यात आल्यावर काम फारसं बदललं नाही, फक्त शिंका वाढल्या.

बाहेरच्यांना वाटतं, गुणवत्ता विभाग म्हणजे चव बघणारी माणसं. लग्नाकार्यात मला नातेवाईक आमटीची चव बघायला हाक मारत. खरं काम दोन वाक्यांत सांगता येतं. पाकिटावर जे लिहिलंय ते आत आहे का बघायचं, आणि आत जे आहे ते सगळं पाकिटावर लिहिलंय का बघायचं. पहिलं सोपं आहे. दुसऱ्यात माणूस बुडतो.

आमच्या सीमाभागात पाकीट हातात घेतल्यावर माणूस आधी भाषा बघतो. कन्नड वर आहे की मराठी, कुणाची अक्षरं मोठी, कुणाची बारीक. त्यावरून आम्हाला दोन्ही बाजूंनी पत्रं येत. काही सौम्य, काही नाहीत. मी त्यांची फाइल ठेवली होती. त्या जाडजूड फाइलमध्ये पाकिटात नेमकं काय घातलंय असं विचारणारं पत्र एकही नव्हतं. याला अपवाद निपाणी-चिकोडीकडच्या जैन कुटुंबांचा. कांदा, लसूण, कंदमूळ यांच्यासाठी ते पाकीट फिरवून मागची बारीक ओळन् ओळ वाचतात. मी लिहिलेलं मन लावून वाचणारे वाचक मला तेवढेच लाभले.

ॲलर्जीला आपल्याकडे वावडं हा चांगला शब्द आहे. पण आपण तो फार सैल वापरतो. मला वांग्याचं वावडं आहे म्हणणारा माणूस पंगतीत भरलं वांगं दुसऱ्यांदा मागून घेतो. खरं वावडं असलेल्या माणसाचं तसं नसतं. त्याच्या शरीराला शेंगदाण्याचा, दुधाचा किंवा गव्हाचा कण शत्रूसारखा वाटतो आणि ते त्याच्याशी लढायला उठतं. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, कधी घसा आतून सुजून श्वास अडतो. हे काही मिनिटांत होतं, आणि त्याला चमचाभर लागत नाही, चिमूट पुरते. म्हणून नियम असा की असे ठरावीक पदार्थ आत असतील तर पाकिटावर स्पष्ट सांगायचं. नाही सांगितलं तर माल बाजारातून परत बोलवायचा.

याची गंमत मला पहिल्यांदा हिंगानं दाखवली. कोल्हापूरच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या बायकोला गहू चालत नव्हता, डॉक्टरांनी बंद केलेला. ती आमच्या आमटी मसाल्यानं आजारी पडली होती. ते म्हणाले, "बाई, आमटीत गहू कुठनं आला?" मी मोठ्या अधिकारवाणीनं सांगितलं की आमच्या मसाल्यात गहू नाही. फोन ठेवला आणि गोदामात जाऊन हिंगाचा डबा उलटा केला. बाजारातला हिंग निव्वळ हिंग नसतो, तो पिठात मिसळून देतात, आणि आमच्या हिंगातलं पीठ गव्हाचं होतं. डब्यावर तसं लिहिलं होतं. मी ते कधी वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना परत फोन केला. ते चिडले नाहीत. "आता तुमाला तरी कळलं," एवढंच म्हणाले. हे वाक्य चौकटीत लावायला हरकत नव्हती.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

आमच्या तीन चटण्या चालत. शेंगाची, जवसाची आणि कारळ्याची. कारळं म्हणजे काळं, बारीक, तिळासारखं बी. कन्नडमध्ये गुरेळ्ळु. कारळं महाग आणि शेंगदाणे स्वस्त, म्हणून बाजारात कारळ्याच्या चटणीत बिनदिक्कत शेंगदाण्याचं कूट ढकलतात. आमचे मालक तसं करत नसत आणि हे जगाला कळावं अशी त्यांची इच्छा होती. म्हणून आमच्या कारळ्याच्या पाकिटावर पुढच्याच बाजूला तीन लिप्यांत छापलं होतं, 'शेंगदाणे नाहीत'. मालकांना ती शुद्धतेची द्वाही वाटे. ज्यांच्या घरात शेंगदाण्याचं खरं वावडं आहे, ती माणसं या ओळीवर विसंबून आमचंच पाकीट शोधत येतील, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि ते यायला हवं होतं, कारण पगार त्याचाच होता.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका सकाळी येळ्ळूरहून फोन आला. बोलणारा परशराम नावाचा गृहस्थ. शेती सांभाळून एका वर्कशॉपात नोकरी करणारा. आवाज शांत होता, आणि त्या शांतपणानंच मला भीती वाटली.

"म्याडम, तुमच्या कारळ्याच्या पाकिटावर शेंगदाणे न्हाईत म्हणून लिवलंय न्हवं?"

"हो."

"मी मराठीत बी वाचलं, कन्नडमध्ये बी वाचलं. दोन्हीकडं न्हाईतच हाय."

"हो. काय झालं?"

"माझ्या पोराला शेंगा चालत न्हाईत. काल भाकरीसंगं दोन घास खाल्ले आणि त्वांड सुजलं. दवाखान्यात इंजेक्शन दिलं तवा उतरलं. आता बरा हाय, घरला आणलाय. टीव्ही बघतोय."

मी पाकिटावरचा क्रमांक विचारून लिहून घेतला. परशराम पुढं म्हणाला, "मी भांडाय फोन केला न्हाय. आमच्यासारखं आणि कुणाचं पोर असंल, म्हणून केला."

कारखान्यात प्रत्येक घाण्याचं, म्हणजे एका वेळी दळलेल्या मालाचं, एक पाकीट राखून ठेवतात. शेंगदाणा शोधायची एक पट्टी मिळते. नमुना पाण्यात कालवून पट्टी त्यात बुडवायची. एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे. परशरामनं सांगितलेल्या क्रमांकाचा घाणा तपासला. दोन रेघा. त्याच दिवशीचा दुसरा घाणा, एक. तिसरा, एक. आदल्या दिवशीचा पहिला घाणा, दोन रेघा. त्याच्या आदल्या दिवशीचाही पहिला, दोन. टेबलावर पट्ट्या मांडल्या तेव्हा चित्र स्पष्ट झालं. शेंगदाणे रोज येत होते, पण फक्त सकाळच्या पहिल्या घाण्यात.

हे अशक्य होतं. वावड्याचे पदार्थ एकाच यंत्रावर करायचे तर आमच्या धंद्यात एक पद्धत असते. सकाळी स्वच्छ यंत्रावर आधी बिनशेंगदाण्याचा माल काढायचा, शेंगाची चटणी शेवटी, आणि मग यंत्र पूर्ण धुऊन, पुसून, रिकामं ठेवायचं. आम्ही ती पद्धत तंतोतंत पाळत होतो. तक्त्यावर 'यंत्र स्वच्छ व रिकामे' असं रोज लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही होती.

मालकांना सांगितलं. मग त्यांनी कागद ओढला आणि जाहीर निवेदन स्वतःच्या हातानं लिहायला घेतलं. 'ग्राहकदेवतांस सविनय विज्ञापना की काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव...'

"यात शेंगदाणे कुठं आहेत?" मी विचारलं.

"ते ओघानं येतंय की."

"ओघानं नको. पहिल्या ओळीत पाहिजे."

"अहो मॅडम, पहिल्या ओळीत शेंगदाणे म्हटल्यावर लोक काय म्हणतील? मालकानं भेसळ केली म्हणतील! उभ्या जन्मात जे केलं न्हाय त्याची बदनामी?"

"ज्याला चालत नाहीत तो पहिली ओळच वाचेल. तांत्रिक कारणाचं कुणाला वावडं नसतं."

मालकांनी माझ्याकडं बघितलं, मग चौकटीकडं बघितलं. त्यांनी कागद फाडला आणि म्हणाले, "तुम्हीच लिहा. पण सविनय तेवढं राहू दे." मी सविनय राहू दिलं. पहिल्या ओळीत शेंगदाणे आले. माल परत बोलावण्याची खबर त्यांनी माझ्यासमोर अन्न खात्याला कळवली आणि दुपारपर्यंत वितरकांना फोन सुरू झाले.

माल परत बोलावणं हा शब्द ऐकायला रुबाबदार आहे. प्रत्यक्षात तुम्ही दुकानदाराला म्हणता, माल परत द्या, आणि तो तुमच्याकडं संशयानं बघतो. पन्नास वर्षांच्या व्यवहारात कंपनी आपणहून माल परत न्यायला आल्याचं त्यानं पाहिलेलं नसतं. एकानं विचारलं, कारखाना बंद पडतोय का? दुसऱ्यानं सगळी पाकिटं संपली म्हणून सांगितलं. वितरकाचा माणूस वळला तेव्हा फळीमागं अर्धा खोका दिसला. "चांगला माल असणार," तो दुकानदार म्हणाला, "म्हणून तर परत न्यायला लागलाय." त्याला पट्टी बुडवून दोन रेघा दाखवल्या, तेव्हा त्यानं खोका दिला आणि पट्टी ठेवून घेऊ का म्हणून विचारलं.

त्या संध्याकाळी मी साडेपाचची बस सोडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सहाची साफसफाई डोळ्यांनी बघितली. बायकांनी यंत्र खोललं, धुतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं, परत जोडलं. इतकं नीट की मला माझ्या सहीचा अभिमान वाटायला लागला. मग शांताक्का पुढं आली. ती आमच्या दळण खात्यातली सगळ्यात जुनी बाई, खानापूरकडच्या शेतकरी घरातली. तिनं शेंगाच्या पोत्यात हात घातला, एक मूठ भाजलेले शेंगदाणे घेतले, यंत्राच्या वरच्या नरसाळ्यात हळूच सोडले, हात जोडले आणि दिवा बंद करायला वळली.

"आक्का!" मी ओरडलेच. "हे काय?"

"काय म्हंजे?"

"यंत्रात काय टाकलंस?"

"मूठ." तिला प्रश्नच कळला नाही. "जातं उपाशी झोपवायचं न्हाय असतं, म्याडम. तुमच्या घरात ठेवत न्हवते काय? सांजच्याला जात्याच्या तोंडात चार दाणं ठेवायचं. रिकामं ठेवलं तर घरातलं बी रिकामं हुतंय."

"रोज ठेवतेस?"

"यंत्र आल्यापासनं ठेवते की."

"यंत्र येऊन नऊ वर्षं झाली!"

"मग नऊ वर्सं."

बाकीच्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. आणि मूठ शेंगदाण्याचीच का, तर दिवसाचा शेवटचा माल शेंगाचा, पोतं समोर उघडं. तो शेवटी ठेवायचा नियम माझा.

पण मग नऊ वर्षं कुणाला काही कसं झालं नाही? मी तेही विचारलं. शांताक्कानं माझ्याकडं नीट बघितलं, आणि जे बोलली ते मला अजून आठवतं.

"तुमी बंद केलं न्हवं ते."

"मी काय बंद केलं?"

"सकाळचा पयला घाणा यंत्राचा. त्यो आमी पाकिटात भरत न्हवतो. काढून ठेवायचो आन् दुपारच्या भाकरीला आमी समद्या मिळून खायचो. ज्याची मूठ त्याचा घास. पाडव्याला तुमी कागुद लावला. आत काय खायाचं न्हाय, पयल्या घाण्यापासनं समदं पाकिटात गेलं पायजे म्हणून. मग आमी भरायला लागलो."

कागद मी लावला होता. एक सल्लागार आले होते, मोठ्या शहरातून, गळ्यात ओळखपत्र घालून. त्यांनी बायकांना कारखान्यातली चटणी खाताना पाहिलं आणि अहवालात लाल शाईनं लिहिलं. मी तो शेरा वाचला, पटला, नोटीस टाइप केली. त्या बायकांच्या रीतीचे दोन भाग होते. रात्री मूठ ठेवायची, सकाळी पहिला घाणा बाजूला काढायचा. एका भागानं घाण व्हायची, दुसऱ्यानं ती निघून जायची. मला दुसराच भाग दिसला आणि मी तोच बंद केला.

येळ्ळूरच्या पोराची खबर कारखानाभर झालीच होती; ते कशानं झालं हे शांताक्काला आता कळलं. "त्या पोराला काय झालं न्हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"बरा आहे."

"माझ्या मुठीनं झालं म्हणायचं."

"तुझ्या मुठीनं आणि माझ्या कागदानं," मी म्हटलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "मीठ ठेवलं तर चालंल काय? मीठ समद्यातच असतंय." एकवीस वर्षांत माझ्या विभागात आलेली ही सगळ्यात शहाणी सूचना. तेव्हापासून मीठ ठेवतात, आणि पहिला घाणा पुन्हा बाजूला निघतो. पुढं ते सल्लागार आले तेव्हा त्यांनी या पद्धतीला एक लांब इंग्रजी नाव दिलं आणि अहवालात हिरव्या शाईनं लिहिलं.

कारण सापडलं, पण माल बाहेरच होता. पाडव्यापासूनचा रोजचा पहिला घाणा. एका मुठीतले दाणे कुठल्या पाकिटात किती गेले, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ती चटणी खाणाऱ्या शंभरातल्या बहुतेक सगळ्यांना काही होणार नव्हतं. ज्यांना होणार होतं ती मोजकी माणसं कोण, याची यादी जगात कुठल्याही संगणकावर नव्हती.

निपाणीतली यादी मात्र होती, भूपालअण्णांच्या डोक्यात. भूपालअण्णा आमचे निपाणीतले जुने दुकानदार. जैन, घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी. गावातलं कुठलं घर काय खात नाही, हे त्यांना पाठ असे. कुणाकडं लसूण चालत नाही, कुणी चातुर्मासात पालेभाजी सोडलीय, कुणाला साखर बंद झालीय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्याच्या टेम्पोतून त्यांच्या दुकानात पोचले, तेव्हा त्यांनी पाकिटं आधीच उतरवून ठेवली होती.

"माल हितं हाय बघा. मोजायची गरज न्हाय. मी दुसरा इचार करालतो. शेंगा न खाणारं गिऱ्हाईक कोण?" त्यांनी डोळे मिटले. "एक हाय. शाळेच्या सुजाताबाई. त्यांची लेक, ओवी म्हणून, सात वर्साची. लाडू घ्यायच्या आधी पंधरा वेळा इचारत्यात, अण्णा, दाणं न्हाईत न्हवं? तुमच्या कारळ्याची दोन पाकिटं नेली त्यांनी गुरुवारी. सुट्टीला माहेरला निघाल्या होत्या."

"माहेर कुठं?"

"जांबोटीच्या पुढं. वाडी हाय रानात."

सुजाताबाईंचा फोन लागेना. भूपालअण्णांनी त्यांच्या नवऱ्याला फोन लावला. तो बस चालवतो, त्या वेळी हुबळीकडं होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिकडं रेंज न्हाय, अण्णा. रविवारी बाजारला जांबोटीला आली की तीच फोन करती." तो बुधवार होता. "ओवीला मागं एकदा झालतं," तो म्हणाला. भूपालअण्णा त्याला म्हणाले, "तू गाडी नीट चालीव. म्याडम जातात." मी जाते असं मी अजून म्हटलेलं नव्हतं.

टेम्पो चालवणारे मारुतीमामा साठीचे. निपाणी ते बेळगाव आणि तिथून जांबोटीचा रस्ता त्यांनी न बोलता कापला. फक्त एकदा म्हणाले, "दोन पाकिटं. गुरुवार ते बुधवार. सात दिस." मी म्हटलं, मामा, मला हिशेब येतो.

त्या प्रवासात मी काय विचार केला ते फारसं सांगण्यासारखं नाही. मला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसत होती. ती आई पाकीट फिरवते, वाचते, शेंगदाणे नाहीत असं वाचून तिला बरं वाटतं, आणि ती ते मुलीच्या ताटात घालते. ज्यानं वाचलंच नाही त्याचं एकवेळ मी समजू शकले असते. ही बाई वाचत होती. माझं लिहिलेलं.

जांबोटीच्या पुढं टेम्पो ओढ्यावरच्या एका मोडक्या साकवापर्यंत गेला आणि थांबला. तिथून वाडी पाऊण तास चालायची. उन्हाचा कडाका, दोन्ही बाजूंना करवंदाच्या जाळ्या आणि जांभळाची झाडं. वाटेत म्हशी घेऊन जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला सुजाताबाईंचं घर विचारलं. "कोण आजारी हाय काय?" त्यानं विचारलं. माझ्या चालण्यावरून वाटलं असावं.

घर सापडलं. एक बाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी धापा टाकत नाव विचारलं. त्याच सुजाताबाई. मी कोण आणि कुठून आले ते सांगितलं आणि एका श्वासात विचारलं, "कारळ्याची चटणी कुठाय?"

"चटणी?" त्या गोंधळल्या. "संपली की."

"दोन्ही?"

"व्हय. काल दुसरं पाकीट संपलं."

"ओवी कुठाय?"

"हितंच खेळत आसंल. ओवी! ये ओवी!"

परसातून एक मुलगी धावत आली आणि माझ्या समोर उभी राहिली. तिचे ओठ काळेनिळे होते. गाल, हनुवटी, जीभ, सगळं जांभळं. मी तिचा दंड धरला. तिच्या आईनं तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "ह्ये बघा. किती डाव सांगितलं फ्रॉकला पुसू नकोस म्हणून. जांभळं खाल्ल्यात दिसभर."

मुलीनं जीभ काढून दाखवली. तिला ती दाखवायचीच होती. मामेभावापेक्षा जास्त काळी झाली का, हा तिथं त्या दिवसाचा मुख्य प्रश्न होता.

मला पाणी दिलं. मी ओवीला जवळ बसवून तिचे ओठ, मान, हात बघितले. कुठं सूज नाही, गांध नाही. श्वास मोकळा, बडबड त्याहून मोकळी. मग मी सुजाताबाईंना विचारलं, "हिनं सात दिवस चटणी खाल्ली, आणि काहीच झालं नाही?"

"ती कुठं खाती चटणी!" सुजाताबाई म्हणाल्या. "हिला तिखट कणभर चालत न्हाय. दूधभात, नायतर गूळतूप. चटणी माझी. शेंगा घरात आणायच्याच न्हाईत म्हणून तुमची घेते."

ओवीनं मान हलवली. "चटणी घाण लागते," ती म्हणाली. माझ्या आयुष्यात माझ्या मालाविषयी इतकं गोड कुणी बोललेलं नाही.

मला हसू यायला लागलं आणि थांबेना. सुजाताबाईंनाही माझं बघून आलं, का ते न कळता. मागून पोचलेले मारुतीमामा दारात घाम पुसत उभे होते. त्यांनी ओवीकडं बघितलं आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, "बरी हाय न्हवं? मग च्या टाका."

चहा उकळत असताना सुजाताबाई म्हणाल्या, "पर म्याडम, एक सांगू? ह्या खेपेची चटणी लई चांगली झालती. दर वेळेपेक्षा खमंग. काय घातलं हुतं?"

"शेंगदाणे," मी म्हटलं.

त्यांनी कपबशी खाली ठेवली. मग त्या उठल्या. आपले हात कोपरापर्यंत धुतले, चटणीची वाटी, चमचा, रिकामी पाकिटं परसात नेली, भांडी राखेनं घासली, लेकीचा हात धरून तिचं तोंडही पुन्हा धुतलं. जांभळाचा रंग गेला नाही. सगळं झाल्यावर त्या माझ्यापुढं येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी चालत आला. कागुद पाठवला असता तर मी रविवारी वाचला असता." त्या रागावल्या नव्हत्या. मी मूठ, जातं, पहिला घाणा, माझी नोटीस, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. "आमच्या आईनं बी जात्यात ठेवलं असतं," एवढंच त्या म्हणाल्या.

साकवाजवळ परत आल्यावर थोडं पुढं जाऊन रेंज मिळाली. मी आधी हुबळीला फोन लावला, मग भूपालअण्णांना, मग परशरामला. त्याचं पोर अजून टीव्हीच बघत होतं.

माल परत बोलावला की शेवटी अन्न खात्याला एक अहवाल पाठवायचा असतो. त्यात परत न मिळालेल्या मालाचा तपशील द्यावा लागतो आणि प्रत्येक ओळीपुढं एक रकाना असतो, ग्राहकाचा अभिप्राय. तो रिकामा ठेवला तर अहवाल परत येतो. मी लिहिलं : दोन पाकिटे, मु. जांबोटीजवळ, खाऊन संपली. अभिप्राय : चव नेहमीपेक्षा चांगली.